गिल्मोरचा टोन: आधी अ‍ॅम्प, मग पेडल

पिंक फ्लॉइडचा गिटारिस्ट डेव्हिड गिल्मोर याच्या पेडलबोर्डवर (पायाने चालवायच्या इफेक्ट पेडलांच्या पाटावर) पन्नास वर्षांत खूप उलथापालथ झाली, पण पाया तोच राहिला: स्वच्छ अ‍ॅम्प, आणि आवाज फाडायचं काम पेडलकडे. सत्तरच्या दशकात तो 100 वॅटचा हायवॉट डीआर103 अ‍ॅम्प वाजवायचा. म्हणून आधी अ‍ॅम्प लावा. गेन (आत येणाऱ्या सिग्नलची वाढ) कमी, मास्टर (एकूण आवाज) वर. सहाही तारा जोरात छेडल्या तरी आवाज फाटता कामा नये.

पहिला टप्पा फझ फेस या आवाज फाडणाऱ्या पेडलचा, सुरुवातीला जर्मेनियम ट्रान्झिस्टरचा, नंतर सिलिकॉनचा. फझ थेट गिटारला जोडा. मध्ये बफर (सिग्नल टिकवणारं सर्किट) असलेलं पेडल, अगदी ट्यूनरसुद्धा, आलं की आवाज कर्कश होतो आणि गिटारचा व्हॉल्यूम 7वर आणून तो निवळवण्याची सोय जाते. जर्मेनियम उष्णतेने बिघडतो; मे महिन्यात मंचावर तो घुसमटल्यासारखा वाजला तर दोष तुमच्या हातांचा नाही. बऱ्याच जर्मेनियम फझमध्ये पॉझिटिव्ह ग्राउंड असतं, म्हणजे वीजजोडणी इतर पेडलांच्या उलट. तो इतर पेडलांसोबत एकाच अ‍ॅडॉप्टरच्या साखळीत जोडला तर शॉर्ट होतो, त्याला वेगळी बॅटरीच द्या. पहिल्यांदा घेत असाल तर सरळ सिलिकॉन घ्या.

सत्तरच्या उत्तरार्धात गिल्मोरच्या बोर्डवर बिग मफ हे दुसरं फझ पेडल आलं. लांबलचक सस्टेन (सूर टिकून राहणं) हवा तर हाच. पण त्याचे मिड्स (मधले स्वर) खोल गेलेले असतात. घरातल्या छोट्या अ‍ॅम्पवर भारी वाटतो आणि ड्रम्स-बेस सुरू झाले की गायब होतो. उपाय: मफनंतर ओव्हरड्राइव्ह (सौम्यपणे आवाज फाडणारं पेडल), त्याचा ड्राइव्ह जवळजवळ शून्य, लेव्हल थोडी वर.

डिले, म्हणजे प्रतिध्वनीचं पेडल, या सगळ्यांच्या नंतर. आधी ठेवला तर प्रतिध्वनीही फाटून चिखल होतो. वेळ ठरवायला 60,000ला बीपीएमने (मिनिटाला किती ठोके) भागा, म्हणजे एका ठोक्याचे मिलिसेकंद मिळतात: 120ला 500, त्याचे तीन चतुर्थांश 375. मिक्स (प्रतिध्वनीचं प्रमाण) साधारण 25 टक्के.

ऐंशीच्या दशकात त्याच्या लाल स्ट्रॅटवर (फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटार) ईएमजी कंपनीचे अ‍ॅक्टिव्ह, म्हणजे बॅटरीवर चालणारे पिकअप आले; पिकअप तारांचं कंपन टिपतात. गुणगुण जवळपास थांबते, पण फझ फेसशी त्यांचं जमत नाही; मफ मात्र चालतो. वाजवून झाल्यावर केबल उपसा, नाहीतर आतली 9 व्होल्टची बॅटरी उतरत राहते.

गिल्मोरच्या तारा 10-12-16-28-38-48 (जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत). नेहमीच्या 10च्या सेटपेक्षा दुसरी आणि तिसरी जरा बारीक, म्हणून मोठे बेंड (तार ओढून सूर चढवणं) सुरात पोचतात. सेट बदलल्यावर इंटोनेशन (पूर्ण मानेवर सूर बरोबर लागणं) पुन्हा लावा.