परसात लेट्युस लावायचंय? आधी बी फ्रीजात ठेवा

गोव्यात लेट्युस पावसात लावूच नका, सगळं कुजतं. दिवाळी झाली की नोव्हेंबरात सुरू करा. खरी अडचण उगवणीची, कारण माती २७-२८ डिग्रीच्या वर गेली की बी झोपूनच राहतं, म्हणून मी ओल्या टिश्यूत गुंडाळून ३-४ दिवस फ्रीजात ठेवते, मग कोको पीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि शेणखतावर नुसतं भुरभुरवते, खोल पुरायचं नाही हां, त्याला उजेड लागतो. ४-५ पानं आली की २० सेंमी अंतरावर लावा, सकाळचं ऊन, दुपारी माडाची सावली. गोगलगायी रात्री टॉर्च घेऊन वेचायच्या, दुसरा उपाय मला तरी जमला नाही. बाहेरची पानं खुडत राहा, मधला दांडा वर आला की पानं कडूच.