जुनी हिमालयन ४११ घेताना: रंग नंतर, आधी साल ओळखा

रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११ ही मोटरसायकल मार्च २०१६ मध्ये आली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये गोव्यात नवी हिमालयन ४५० बाजारात उतरली तेव्हा निवृत्त झाली. मधल्या साडेसात वर्षांत मूळ गाडी जागची हलली नाही. ४११ सीसीचं लाँग स्ट्रोक इंजिन, बोअर ७८ आणि स्ट्रोक ८६ मिलिमीटर, ताकद साधारण साडेचोवीस बीएचपी, पाच गिअर, पुढे २१ इंची आणि मागे १७ इंची स्पोकचं चाक, १५ लिटरची टाकी. कंपनीने दर एक-दोन वर्षांनी त्यात काहीतरी बारीकसं बदललं, बस्स. त्यामुळे विकणारा म्हणतो, "हिमालयन म्हणजे हिमालयन, सगळ्या सारख्याच," आणि घेणारा रंगावर भाळतो.

सारख्या अजिबात नाहीत. मी साताऱ्याची, माझ्याकडे २०१८ ची बीएस४ (धुराच्या सरकारी मानकाचा टप्पा; बीएस३ त्याआधीचा, बीएस६ नंतरचा) आहे, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा) नसलेली. ओळखीत कुणाला जुनी हिमालयन घ्यायची असली की मला बरोबर नेतात, कारण पैशाची गोष्ट मी करत नाही आणि गाडीखाली आडवं व्हायला मला लाज वाटत नाही. गेल्या दिवाळीत भाचीने फोन केला, "मावशी, पाइन ग्रीनच हवी मला." म्हटलं, अगं, पाइन ग्रीन घे, पण त्या रंगाबरोबर काय येतं आणि काय येत नाही ते आधी समजून घे. तिला जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहिते.

आधी साल, आणि तेही पासिंगचं नव्हे

नंबरप्लेटवरून आणि पासिंगच्या तारखेवरून अंदाज बांधू नका. बनावटीचा महिना आणि वर्ष आरसीवर किंवा एमपरिवहन अ‍ॅपवर बघा, तिथेच उत्सर्जनाचा प्रकारही दिसतो. हे एवढ्यासाठी सांगते की २०२० च्या जानेवारीत बीएस६ हिमालयन आली, पण बीएस४ गाड्यांची विक्री ३१ मार्च २०२० पर्यंत चालू होती. शोरूमवाल्यांना जुना माल संपवायचा होता. म्हणजे "ताई, २०२० ची आहे" हे शंभर टक्के खरं असूनही गाडी बीएस४ निघू शकते. असंच २०१७ च्या मार्चमध्ये बीएस३ बाबत झालं होतं. बीएस३ म्हणजे कार्बोरेटरवाल्या गाड्या तेव्हा शेवटच्या दिवसापर्यंत निघत होत्या.

कागद हाताशी नसेल तरी गाडीच सांगते. डाव्या-उजव्या हँडलवरची बटणं बघा. लाल त्रिकोणाचं हझार्डचं बटण असेल तर बीएस६, नसेल तर आधीची. किल्ली फिरवल्यावर टाकीतून पंपाचा बारीक 'झूं' आवाज आला तर इंजेक्शन, नाहीतर कार्बोरेटर. पुढच्या डिस्कच्या आतल्या बाजूला दातेरी किंवा भोकं पाडलेली बारीक रिंग आणि तिच्याजवळ येणारी वायर दिसली तर एबीएस. रंगाचा खरा उपयोगही इथेच आहे: लेक ब्लू आणि रॉक रेड २०२० चे, पाइन ग्रीन आणि मिराज सिल्व्हर २०२१ चे, ड्यून ब्राउन २०२२ अखेरचा. फक्त टाकी रंगवून किंवा रॅप करून घेणारे बरेच आहेत, म्हणून रंग दुय्यम पुरावा.

कोणत्या बदलाला पैसे द्यायचे

२०१७ मध्ये बीएस४ बरोबर फ्युएल इंजेक्शन आलं. आपल्या घाटांत कार्बोरेटरचं काही अडत नाही, महाबळेश्वरपर्यंत गाडी कुरकुरणार नाही. पण लडाख डोक्यात असेल तर फरक मोठा आहे. वर हवा विरळ होते, कार्बोरेटर मात्र पेट्रोल सोडायचं तेवढंच सोडतो, मिश्रण जाड होतं, प्लग काळा पडतो आणि गाडी ओढेनाशी होते. इंजेक्शनवाली हे स्वतः सांभाळून घेते. कार्बोरेटरवाली फारच स्वस्तात मिळत असेल आणि हाताशी चांगला मिस्त्री असेल तरच घ्या. ती हलकी आहे हा तिचा गुण मात्र नाकारता येत नाही: सुरुवातीची गाडी १८२ किलोची होती, बीएस६ पर्यंत ती १९९ किलोवर गेली. गाडी पडल्यावर एकटीने उचलायची असते तेव्हा हे सतरा किलो कंबरेला कळतात.

२०१८ च्या उत्तरार्धात दोन्ही चाकांना एबीएस आलं. १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना ते १ एप्रिल २०१९ पासून सक्तीचं झालं, त्यामुळे २०१८ अखेर ते २०१९ च्या सुरुवातीची गाडी असेल तर रिंग डोळ्यांनी बघूनच खात्री करा. माझ्या गाडीला एबीएस नाही आणि मला ते पावसात आठवतं. ताम्हिणीत भर जुलैमध्ये शेवाळलेल्या वळणावर पुढचा ब्रेक दाबताना बोटं आपोआप कंजूष होतात. नव्याने घेणाऱ्याने एबीएसवालीच घ्यावी, यावर मी वाद घालत नाही. आणि कुणी "बिनाएबीएसवालीला एबीएस बसवून देतो" म्हणाला तर चहा पिऊन निघा. मॉड्युलेटर, सेन्सर, रिंगा, वायरिंग, सगळंच बदलावं लागतं.

माझ्या मते सगळ्यात मोलाचा बदल २०२० चा आहे आणि नेमका तोच फोटोत दिसत नाही. बीएस६ गाडीत मागच्या चाकाचं एबीएस बंद करता येतं. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांकडे जाणारे कच्चे रस्ते आहेत, वर खडी आणि खाली मुरूम. असल्या उतारावर एबीएस चालू असेल तर पायाखालचा ब्रेक थरथरतो, चाक सोडून देतो आणि गाडी थांबायच्या ऐवजी घरंगळत जाते. मागचं एबीएस बंद केलं की चाक लॉक होतं, खडीत रुततं आणि वेग तुमच्या ताब्यात राहतो. पुढचं एबीएस चालूच राहतं, ते तसंच हवं. किल्ली बंद करून पुन्हा चालू केली की मागचंही परत चालू होतं, म्हणून चहाला थांबल्यावर पुन्हा बंद करायला विसरू नका.

त्याच वर्षी साइड स्टँडही बदलला. माझ्या गाडीचा स्टँड असा की ती जवळजवळ सरळ उभी राहते. जमीन उजवीकडे जराशी उतरती असली की मी हँडल सोडायच्या आधी दोनदा विचार करते. नवीन स्टँडवर गाडी व्यवस्थित कलते. ऐकायला हे क्षुल्लक वाटेल, पण पाच फूट चार इंच उंचीच्या माणसाने ८०० मिलिमीटरच्या सीटवरून उतरताना हा अनुभव घेऊन बघावा. हझार्ड लाइटही तेव्हाच आले. घाटातल्या धुक्यात त्यांचा उपयोग होतो, पण एवढ्यासाठी जादा पैसे देऊ नका.

आता भाचीची पाइन ग्रीन. फेब्रुवारी २०२१ मध्ये किंमत दोन लाखांच्या वर गेली आणि मीटरशेजारी ट्रिपर नावाची नेव्हिगेशनची छोटी गोल तबकडी आली. फोनशी जोडायची, कंपनीच्या अ‍ॅपमध्ये ठिकाण टाकायचं, मग ती बाण दाखवते. मला विचाराल तर शून्य रुपये. फोन लागतोच, मग फोनच हँडलवर लावा. पुढे चिपांच्या टंचाईत २०२२ मध्ये कंपनीने स्वतःच ट्रिपर ऐच्छिक केला, त्यामुळे त्या काळातल्या गाडीला तो नसेल तर कुणी काढून विकला असा संशय घेऊ नका. (मीटरमधलं होकायंत्र सगळ्याच सालांत आहे आणि त्यावर विसंबून कुणी कुठे पोचल्याचं माझ्या ऐकिवात नाही.)

२०२१ चा खरा फायदा दुसऱ्याच जागी आहे. टाकीच्या दोन्ही बाजूंना जो पाइपचा रॅक असतो तो लहान केला. उंच माणूस फूटरेस्टवर उभा राहून चालवायला लागला की जुन्या रॅकवर गुडघे आपटतात. मागचा कॅरिअर खाली घेतला, त्यामुळे पाय टाकून बसणं सोपं झालं. सीटचा फोमही सुधारला. तुमची उंची सहा फुटांच्या आसपास असेल तर २०२१ नंतरचीच बघा. माझ्या उंचीला जुना रॅक लागत नाही, भाचीलाही लागत नाही. सीटचं म्हणाल तर कुठलाही चांगला सीटवाला फोम बदलून देतो. २०२२ अखेरीला यूएसबी पोर्ट आला, तो इलेक्ट्रिशियन अर्ध्या तासात बसवतो.

थोडक्यात माझा क्रम असा: पैसे असतील तर २०२० ची बीएस६, उंच असाल तर २०२१, हात आखडता असेल तर एबीएसवाली बीएस४.

गाडी समोर आल्यावर

मालकाला आधीच सांगून ठेवा की गाडी सुरू करून ठेवू नका, इंजिन थंडच पाहिजे. पोचल्यावर इंजिनला हात लावा. गरम लागलं तर गप्पा मारत बसा, घाई तुम्हाला नाही. या गाडीला किक नाही, त्यामुळे थंड इंजिन एका सेल्फमध्ये उठतं का ते महत्त्वाचं. टॅपेटचा हलका टिकटिक आवाज या इंजिनचा स्वभावच आहे. तो गरम झाल्यावर वाढला किंवा ठकठक व्हायला लागला तर मिस्त्रीला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मग किल्ली चालू करून मीटर बघा. एबीएसचा दिवा लागला पाहिजे आणि गाडी थोडी चालल्यावर विझला पाहिजे. विझत नसेल तर बिघाड आहे, हे सगळ्यांना कळतं. पण किल्ली चालू केल्यावर तो मुळात लागलाच नाही तर जास्त सावध व्हा, बिघाड लपवायला कुणी तो दिवाच बंद केलेला असू शकतो. इंजिन चेकच्या दिव्याचंही तसंच.

गाडी डबल स्टँडवर घ्या. कुणाला तरी मागे दाबून धरायला सांगा म्हणजे पुढचं चाक उचललं जाईल. आता हँडल दोन बोटांनी अगदी सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. बरोबर मध्ये आल्यावर बारीक खाच लागल्यासारखी वाटली, हँडल तिथे बसू बघत असेल, तर कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) गेला. खड्ड्यांतून चालवलेल्या हिमालयनमध्ये हे हमखास सापडतं. काम परवडणारं आहे, पण भाव पाडायला चांगलं. तसंच दोन्ही फोर्क पुढून-मागून ओढून ढिलाई बघा आणि पाइपवर तेलाचं वर्तुळ दिसतंय का बघा, म्हणजे ऑइल सील कळेल.

आता मागे या. पुढचं चाक जमिनीवर आणि मागचं अधांतरी असताना ते दोन्ही हातांनी धरून सरळ वर उचला. शॉकअप दबायच्या आधी 'टक' असा मोकळा आवाज आला तर खालच्या लिंकेजचे (शॉकअपला जोडणाऱ्या सांध्यांचे) बेअरिंग संपलेत. बहुतेक जण ते उघडून ग्रीस लावतच नाहीत, कारण ते दिसत नाही. हीच जागा मी आडवी होऊन बघते.

पुढच्या रिमची कड बोटाने चाचपून पोचे शोधा. स्पोकवर पान्याने हलकेच वाजवत जा. एखादा बद्द वाजला तर तो सैल आहे. चेनसेट बघणं सगळ्यांना येतं, ते लिहीत नाही. ऑइल कूलर पुढे उघड्यावर आहे, त्याच्या जाळीला दगड लागून कुठे ओल आली आहे का ते बघा.

सगळ्यात शेवटी चालवून बघा. बीएस६ असेल तर खडीचा मोकळा तुकडा शोधा, मालकाला सांगून मागचं एबीएस बंद करा आणि पंधरा-वीसच्या वेगात मागचा ब्रेक दाबा. चाक घासलं तर एबीएस बंद करायची सोय नीट चालते आहे. मग चालू करून पुन्हा दाबा, पायाला थरथर जाणवली पाहिजे.

कागदपत्रांचं नेहमीचंच: कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, हस्तांतरणाला फॉर्म २९ आणि ३०, जुने चलन भरलेले. १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबरप्लेट) बसवली आहे का तेही बघा, नाहीतर तो खर्च आणि ती रांग तुमच्या वाट्याला.

व्यवहार झाला की पहिल्याच आठवड्यात २१ इंची एक ट्यूब विकत घेऊन कॅरिअरला बांधा. टायर ट्यूबवाले आहेत आणि तालुक्याच्या गावातला पंक्चरवाला पॅच मारून देईल, पण ती ट्यूबच फाटली तर २१ इंची त्याच्याकडे निघत नाही.