मोसंबीच्या खोडावरचे चट्टे: दगडफूल की डिंक्या?

पावसाळा सरला की जालना, अंबड, पैठण भागातल्या जुन्या बागांत खोडांवर राखाडी-हिरवट चट्टे ठळक दिसू लागतात. लगेच बुरशीनाशक आणायची घाई करू नका. चट्ट्यावर ओंजळभर पाणी शिंपडा. काही मिनिटांत तो हिरवा पडला तर ते दगडफूल. काळ्या मसाल्यात पडते त्याचेच हे भाऊबंद.

दगडफुलात बुरशी आणि शैवाल एकत्र नांदतात. काहींत शैवालाच्या जागी हरितनील जिवाणू असतात, शिवाय अंगावर इतर जिवाणूंची वस्तीही असते. अन्न शैवाल किंवा हरितनील जिवाणू करतात, बुरशी आसरा आणि ओल देते. सालीतून ते काहीच शोषत नाही, त्यामुळे झाड दगडफुलाने वाळत नाही. उलट, वाळत चाललेल्या, पाने विरळ झालेल्या फांद्यांवर उजेड पोचतो म्हणून ते तिथे फोफावते. तेव्हा इलाज झाडाचा करा: सल (वाळक्या फांद्या) काढा, आळ्यातला निचरा बघा, मुळे तपासा. चट्टे विळ्याने खरवडू नका. सालीला जखम झाली की डिंक्याला, म्हणजे खोडातून डिंक गळवणाऱ्या रोगाला, वाट मिळते.

खरी भीती डिंक्याचीच. साल ओलसर तपकिरी, उभ्या चिरा, त्यातून डिंक. तेवढी साल निरोगी भाग लागेपर्यंत धारदार चाकूने काढा, एक टक्का पोटॅशियम परमँगनेटने धुवा आणि बोर्डो मलम लावा. मलमासाठी १ किलो मोरचूद (तांब्याचा क्षार) ५ लिटर पाण्यात, १ किलो कळीचा चुना दुसऱ्या ५ लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यांत. एकत्र केल्यावर लोखंडी खिळा बुडवा; त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला, आणखी घाला. नाहीतर मोकळे तांबे साल भाजते. मलम त्याच दिवशी वापरा. जमिनीपासून एक मीटरपर्यंत लावा, त्यात कलमाचा जोड झाकला गेला पाहिजे. मलमातल्या तांब्याने दगडफूलही मरते, त्यासाठी वेगळा खर्च नको.

मुळांसाठी प्रति झाड ट्रायकोडर्मा १०० ग्रॅम आणि स्युडोमोनास १०० ग्रॅम कुजलेल्या शेणखतात मिसळून ओल्या आळ्यात द्या. एक बुरशी, दुसरा जिवाणू, पण दोघे डिंक्याच्या रोगकारकाला दाबतात. इथेच बहुतेकांचे चुकते: त्याच आठवड्यात मेटालॅक्झिल-मॅन्कोझेब या बुरशीनाशकाची आळवणी (द्रावण मुळाशी ओतणे) होते किंवा मलमाचे पाणी आळ्यात ओततात, आणि या औषधांनी ट्रायकोडर्मा किंवा स्युडोमोनास मरू शकतो. आळवणी करायचीच असेल (२.५ ग्रॅम प्रति लिटर) तर आधी करा, मग किमान पंधरवडा थांबून जैविक द्या.