बेस अॅम्पची हेड्स ताडून पाहताना या चुका टाळा

बेस गिटारची दोन हेड्स (स्पीकर नसलेले अॅम्प) शेजारी ठेवली, कॅबिनेट (स्पीकरची पेटी) तेच, बेस तोच, आणि पहिल्या सुरालाच निकाल लागतो: "हे जास्त भरदार वाजतंय." बहुतेक वेळा ते फक्त थोडं मोठ्यानं वाजत असतं. कमी आवाजात आपल्या कानाला खर्ज नीट ऐकू येत नाही, हे ध्वनिसंशोधक फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच दाखवलं होतं. आवाज जरा चढवला की खालचे सूर लगेच फुगतात आणि आपण त्याचं श्रेय हेडला देतो. म्हणून आधी आवाज जुळवा. फोनवरचं डेसिबल मीटर वापरणार असाल, तर ते 'ए'ऐवजी 'सी' वेटिंगवर (कोणते सूर किती धरायचे ते ठरवणारी सेटिंग) ठेवा. 'ए' वेटिंग ४० हर्ट्झला सुमारे ३५ डेसिबल कापतं आणि बेसची मोकळी ई तार वाजते ४१ हर्ट्झवर!

हातही फसवतात. हेड बदललं की बोटांचा जोर नकळत बदलतो. एखादा रिफ (छोटी सुरावट) लूपरमध्ये, म्हणजे वाजवलेलं पुन्हा पुन्हा ऐकवणाऱ्या पेडलमध्ये, भरून तोच दोन्ही हेड्सना द्या.

सगळे नॉब मध्यावर ठेवले की टोन सपाट होतो, हा गैरसमज फार जुना. जुन्या फेंडर बेसमनसारख्या पॅसिव्ह इक्यूत (सूर फक्त कापू शकणाऱ्या टोन सर्किटमध्ये) नॉब मध्यावर असतानाही मिडमध्ये, म्हणजे मधल्या सुरांत, खड्डा असतोच. अॅम्पेगचा टोन बदलणारा अल्ट्रा लो स्विच बंद आहे ना, मार्कबासचे व्हीएलई आणि व्हीपीएफ हे टोन फिल्टर शून्यावर आहेत ना, तेवढं बघा. पुढे सपाटपणाचा हट्ट सोडा आणि प्रत्येक हेडवर तुम्हाला हवा तो आवाज काढून पाहा. माझ्या मते तो किती कमी खटपटीत निघतो, हीच खरी तुलना.

एखादं हेड लवकर दमत असेल तर कॅबिनेटचे ओहम (विजेला होणारा रोध) तपासा. अॅग्विलार टोन हॅमर ५०० चे ५०० वॉट ४ ओहमवर मिळतात. ८ ओहमचं एकच कॅबिनेट लावलं तर २५०. १९६९ साली आलेल्या अॅम्पेग एसव्हीटीसारख्या ट्यूब हेडवर (व्हॅक्यूम ट्यूबवर चालणाऱ्या) ओहमचा स्विच कॅबिनेटशी जुळवावा लागतो. आकड्यात ते ३०० वॉटचंच, पण ट्यूबचा आवाज हळूहळू फाटत असल्यानं ते कानाला त्याहून मोठं वाटतं.

आता पैसे बुडवणाऱ्या चुका. झटपट अदलाबदल व्हावी म्हणून दोन हेड्सचे आउटपुट वाय केबलनं एका कॅबिनेटला कधीच जोडू नका; दोन्ही जळू शकतात. ट्यूब हेड कॅबिनेटशिवाय चालू ठेवलं तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. आणि स्पीकरला गिटारची केबल नको, स्पीकरचीच हवी.

डीआयमधून (हेडमधून थेट रेकॉर्डिंगला जाणाऱ्या आउटपुटमधून) रेकॉर्ड करून निवाडा करणार असाल, तर लक्षात ठेवा, बहुतेक हेड्सच्या डीआयमध्ये पॉवर स्टेज (स्पीकर चालवणारा शेवटचा भाग) आणि कॅबिनेट येतच नाहीत. एसव्हीटीची निम्मी ओळख तिथेच गळते. शेवटची फेरी ड्रमरसोबत घ्या. खोलीत एकट्याला गोड वाटलेला, मिड कापलेला टोन झांजा आणि किकखाली बऱ्याचदा सापडतच नाही.