आधी बूट मधोमध, मग पट्टे

दरवर्षी डिसेंबरात, तुरीच्या शेंगा भरत आल्या की माझा स्नोबोर्ड, म्हणजे बर्फाच्या उतारावर आडवं उभं राहून घसरायची फळी, माळ्यावरून खाली येतो. ओट्यावरच्या शहाबादी फरशीवर जुनी वाकळ अंथरायची, वर बोर्ड, शेजारी दुकानातून आणलेली डिसमिसची पेटी. परभणीत असली वस्तू उघड्यावर काढली की गल्लीतली पोरं जमणारच. वडील जाता-येता विचारतात, "आता काय करायलास?" मी म्हणतो, बाइंडिंग बसवायलोय, म्हणजे बूट बोर्डाला धरून ठेवणारी पट्ट्यांची चौकट. ते मान हलवून आत जातात.

हे काम गुलमर्गला जाऊन करता येतं, पण करू नका. उणे तापमानात हातमोजे काढून बारका स्क्रू धरायचा, तो बर्फात पडला की शोधत बसायचं. इथं ओट्यावर पडला तर निदान खण्णकन आवाज तरी येतो.

पहिल्या वर्षी माझं सगळं भाड्याचं होतं. पाय 27.5 सेंटिमीटर, म्हणजे बुटाचं मोंडो (पायाच्या लांबीचं) माप 27.5, अमेरिकी नंबर साडेनऊ. बहुतेक कंपन्यांच्या तक्त्यात हा नंबर मीडियम बाइंडिंगमध्ये येतो. मला दिली लार्ज. टाच आत डावी-उजवीकडं हलायची, म्हणून मी घोट्याचा पट्टा करकचून आवळला. दुपारपर्यंत पाय बधिर, टाच मात्र हलतीच. मी ट्रॅक्टरचे स्पेअर पार्ट विकतो. बेअरिंग घरात ढिलं असेल तर वरून बोल्ट आवळून काही होत नाही, हे गिऱ्हाइकाला रोज सांगतो. स्वतःच्या पायाला सांगायचं सुचलं नाही. घरी आल्यावर वडील म्हणाले, "जू नीट बसलं नसंल तर सापती कितीबी आवळ, खांदा सोलणारच की."

तेव्हा सुरुवात मापापासून. दोन कंपन्यांचे एकाच नंबरचे बूट बाहेरून सेंटिमीटरभर लहान-मोठे निघतात, त्यामुळं बाइंडिंग घेताना बूट सोबत न्या. मोजा एकच, जो बर्फात घालणार तोच. बूट घालून टाच जमिनीवर दोनदा आपटा, पाय मागं बसला की मगच नाड्या ओढा. असा बांधलेला बूट बाइंडिंगमध्ये ठेवला की टाच मागच्या कमानीला पूर्ण टेकली पाहिजे आणि बाजूच्या भिंतींनी बूट चिमटू नये. इथंच अडलं तर पुढचं काही करू नका, बाइंडिंग बदला.

आता खरं काम. बाइंडिंगच्या पोटात एक गोल तबकडी असते, तिच्यातून चार स्क्रू बोर्डात जातात. (एका कंपनीच्या बोर्डाला भोकांऐवजी लांब खाच असते, तिथं दोनच.) दोन पायांतलं अंतर साधारण खांद्यांइतकं घ्या. कोन तबकडीच्या कडेवर अंशांत कोरलेला असतो. नवशिक्याला पुढचा पाय अधिक 15 (चवडा बोर्डाच्या पुढच्या टोकाकडं), मागचा उणे 6 ते 9 (मागच्या टोकाकडं) चालतो. स्क्रू अर्धेच फिरवून ठेवा आणि बूट पट्ट्यात अडकवा.

मग टेप घ्या. बोर्डाच्या कडेबाहेर बोटांकडून बूट किती येतो आणि टाचेकडून किती, दोन्ही मोजा. माझं पहिलं माप आलं बोटांकडं 3 सेंटिमीटर, टाचेकडं 1. बूट असा पुढं सरकलेला राहिला की बोटांच्या कडेवर वळताना बुटाचं टोक बर्फात रुततं, बोर्डाची कड सुटते आणि माणूस तोंडावर आपटतो. टाचेवर वळायला मात्र जोर पुरत नाही. मला वाटायचं माझंच वळण कच्चं आहे. दोन्हीकडं सारखं, म्हणजे 2-2 हवं होतं. ते दोन तऱ्हांनी साधतं. तबकडी पाव फेरा वळवली की तिच्या भोकांची ओळ बोर्डाच्या आडवी येते आणि अख्खी बाइंडिंग टाचेकडं सरकते. नाहीतर काही बाइंडिंगमध्ये टाचेची कमान एक-दोन भोकं मागं घेता येते. मी तबकडी वळवली, टेप पुन्हा लावला, पुन्हा सरकवली. तासभर गेला. सगळ्या कामात हाच तास मोलाचा.

बूट मधोमध आला की बाकीचं भराभर होतं. बोटांखालचा सरकता पॅड बुटाच्या तळव्याचा उतार जिथं वर वळतो तिथपर्यंत पुढं घ्या. मागची उभी पाठ, म्हणजे हायबॅक, तिचे बुडाचे स्क्रू ढिले करून बोर्डाच्या टाचेकडच्या कडेला समांतर फिरवा. पुढं झुकवण्याचा खटका पहिल्या वर्षी शून्यावरच असू द्या, नाहीतर गुडघे वाकवून मांड्या भरून येतात.

पट्ट्यांना पुन्हा थोडा वेळ द्या. घोट्याच्या पट्ट्याची गादी बुटाच्या बरोबर मध्यावर यावी. ती एका बाजूला कलत असेल तर पट्ट्याचं टोक दुसऱ्या भोकात लावा. दातेरी पट्टी रॅचेटमध्ये, म्हणजे दात धरणाऱ्या खटक्यात, दोन-तीन दातच जात असेल तर ती कधीतरी सुटणार. पाच-सहा दात आत जाऊन घट्ट व्हावी. पुढचा पट्टा हल्ली बोटांवर नाही, बुटाच्या नाकावर टोपीसारखा बसवतात, तो बूट मागं टाचेत ढकलतो. रॅचेट ओढताना कट-कट आवाज हलका यावा. दोन्ही हातांनी लटकावं लागतंय म्हणजे वरचं काहीतरी चुकलंय.

स्क्रू आवळताना ट्रॅक्टरच्या चाकासारखं समोरासमोर, थोडं-थोडं. आटे 6 मिलिमीटरचे, एम सिक्स. फुल्लीचा तीन नंबरचा डिसमिस लागतो, तोही पोझीड्राइव्ह. साधा फिलिप्स घसरतो आणि खाच खातो. मनगटाच्या जोरानं घट्ट, पान्यानं नाही. दुकानातली सवय म्हणून मी एकदा लॉकटाइट, म्हणजे आटे पक्के धरणारा गोंद, लावायला निघालो होतो. लावू नका, त्यानं प्लास्टिकला चिरा पडू शकतात. आणि मूळचाच स्क्रू वापरा, लांब स्क्रू बोर्डाच्या तळाला आतून फुगवटा आणतो.

शेवटी दोन्ही पाय अडकवून वाकळीवर वीस मिनिटं उभं राहा. चवड्यांवर झुका, टाच आत उचलतेय का बघा. टाचेवर बसा, मुंग्या येतायत का बघा. पोरं हसतील, हसू द्या.

मग बोर्ड पिशवीत आणि आमची सचखंड एक्सप्रेस दिल्लीकडं. पहिल्या दिवशी दोन-तीन उतार झाले की सगळे स्क्रू पुन्हा एकदा आवळायचे, ते थोडे ढिले पडतातच. त्यासाठी खिशात डिसमिस आणि चार मूळचे स्क्रू हवेत. माझ्या दुकानात एम सिक्सचे बोल्ट किलोवर मिळतात, पण त्यांचं षटकोनी डोकं तबकडीत बसत नाही.