नुसतं ‘व्हेकन्सी आहे का?’ विचारू नका

पदवीचे निकाल लागले की नाशिकमधल्या आमच्या वृत्तपत्राच्या डेस्कवर फोन सुरू होतात. ‘‘सर, काही व्हेकन्सी आहे का?’’ नाही म्हटलं की ‘‘ओके सर.’’ पंधरा दिवसांनी पुन्हा तोच आवाज, तोच प्रश्न. तीनदा असं झालं की मुलं म्हणतात, चिकाटी ठेवून पाहिली, पण ओळखीशिवाय इथे काही होत नाही. मला हे ऐकून वाईट वाटतं, कारण त्यातली बरीच मुलं खरंच चांगली असतात. ती एकच गोष्ट चुकतात. रिकाम्या हाताने पुन्हा येतात.

2003 च्या सिंहस्थ कुंभमेळ्यात मी कॉलेजात होतो. एका दैनिकाच्या कार्यालयात पाच वेळा गेलो, पाचही वेळा परत आलो. पण दर वेळी सोबत दीडशे शब्दांची एक बातमी असायची. सहाव्या वेळी पंचवटीतल्या एका शाळेची नेली. वर्गांमध्ये भाविक उतरले होते आणि मुलं पटांगणात बसत होती. उपसंपादकांनी एवढंच विचारलं, ‘‘मुलं मोजलीस?’’ मोजली होती. बातमी आतल्या पानावर, नावाशिवाय, सहा ओळींत लागली आणि दुसऱ्या दिवसापासून मला बसायला खुर्ची मिळाली.

आपल्या त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनीही चित्रपटासाठी भांडवल उभं करताना नुसती योजना सांगितली नव्हती. वाटाण्याचं रोप लावून त्याची वाढ दिवसेंदिवस थोडी थोडी चित्रित केली आणि ती पट्टी लोकांना दाखवली. त्यांचा 1913 चा चित्रपट त्यानंतरचा. म्हणून मी फोन करणाऱ्याला विचारतो, दाखवायला काय आहे?

दुसरी चूक मला याहून जास्त सलते. लहान काम नाकारणं.

2023 च्या पावसाळ्यात आमच्याकडे दोघं आली. मुलगा शहरातला, भाषा सफाईदार. मुलगी निफाड तालुक्यातली, बोलायला थोडी बुजरी. दोघांना सांगितलं, रोज लासलगाव आणि पिंपळगाव बसवंतचे कांद्याचे भाव घ्यायचे. किमान, कमाल, सरासरी, आवक किती. मुलगा आठवड्यात म्हणाला, ‘‘सर, हे क्लार्कचं काम आहे, मला क्राइम करायचंय.’’ मी अडवलं नाही. मुलगी चार महिने रोज फोन करत राहिली. आठवड्यातून एकदा लिलावाला जायची. कोणत्या व्यापाऱ्याचा माल बाहेर देशी जातो, कोणता शेतकरी ट्रॅक्टर घेऊन रात्रीच रांगेत लागतो, हे तिच्या वहीत नाव-नंबरासह होतं.

7 डिसेंबरच्या तारखेची कांदा निर्यातबंदीची अधिसूचना आली तेव्हा आमचं पान लावायला घेतलं होतं. जाणत्या वार्ताहरांनी लावलेले फोन लागेनात, लागले तर उत्तरं सरकारी. तिने वही उघडली. पाऊण तासात एका निर्यातदाराचं, दोन शेतकऱ्यांचं आणि बाजार समितीतल्या एका माणसाचं म्हणणं तिच्याकडे होतं. कंटेनर रस्त्यात आहेत आणि उद्या लिलाव होणार नाहीत, हे तिने रात्रीच लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी लिलाव बंद पडले, चांदवडला मुंबई-आग्रा महामार्ग अडवला गेला. सकाळी मुंबईच्या एका वाहिनीला फोनोसाठी, म्हणजे फोनवरून माहिती द्यायला, माणूस हवा होता, मी तिचं नाव दिलं. आज ती तिथे नोकरीला आहे. तिला संधी मिळाली असं लोक म्हणतात. मी तिला चार महिने त्या वहीत लिहिताना पाहिलं आहे.

माझी सवय सांगतो. फोन नंबर मोबाइलमध्ये ठेवतोच, पण कागदावरही लिहितो आणि शेजारी एक ओळ: हा माणूस कशाबद्दल खात्रीनं बोलू शकतो. बातमी नसतानाही महिन्याकाठी त्याला फोन करतो.

आलेला फोटो पुढे ढकलू नका. गोदावरीला पूर आला की नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीचे जुने फोटो फिरू लागतात. पाणी कमरेला की छातीला, यावर नाशिककर पुराचा अंदाज घेतात. चुकीचा फोटो लागला तर घाटावरचा दुकानदार उगाच सामान हलवेल किंवा, त्याहून वाईट, हलवणार नाही. घाटावर जा, आपल्या डोळ्यांनी बघा, गंगापूर धरणातून किती क्युसेक विसर्ग सुरू आहे ते जलसंपदा विभागाकडून घ्या, मग लिहा. दोन तासांत बायलाइन, म्हणजे बातमीवर स्वतःचं नाव, हवी असणाऱ्यांना हे जड जातं.

प्रेसनोट जशीच्या तशी उतरवू नका, त्यातला एक आकडा तरी स्वतः तपासा.

नावं विचारून लिहा.

ड्रोन आणि महागडा माइक पहिल्या वर्षी घेऊ नका. मोबाइल आणि चालायची तयारी पुरते.

मुंबईला पळायची घाईही नको. नाशिकच्या वार्ताहराला एकाच आठवड्यात कांदा, द्राक्ष, अंबडच्या कंपन्या, आदिवासी पाडे आणि महापालिका, सगळं पाहायला मिळतं. तिकडे गेल्यावर वर्षभर एकाच दारात वाहिनीचा बूम माइक धरून उभं राहावं लागू शकतं.

आणि 2026-27 चा सिंहस्थ. पर्वणीच्या दिवशी पास मागायला येणारी मुलं मी 2015 मध्ये शेकड्यांनी पाहिली. त्यातल्या कितीतरी जणांना शैव आखाडे त्र्यंबकेश्वरी कुशावर्तात स्नान करतात आणि वैष्णव नाशिकला रामकुंडात, हेही माहीत नव्हतं. निर्मोही, निर्वाणी, दिगंबर ही वैष्णव आखाड्यांची नावं तेव्हा पाठ करून भागत नाही. तुम्हाला त्या दिवशी लिहायचं असेल तर आत्तापासून दर रविवारी रामकुंडापासून तपोवनापर्यंत पायी चाला. पुरोहितांशी, नावाड्यांशी, फुलवाल्या मावशींशी बोला. पहिल्या रविवारी काहीच मिळणार नाही. पुढच्या रविवारी पुन्हा जा, आणि काय दिसलं ते दीडशे शब्दांत लिहून मला आणून दाखवा.