लाल माती केशरी का होते? कोकणातले फोटो एडिट करताना या चुका टाळा

फोटो उघडला की बहुतेकांचं बोट आधी सॅच्युरेशनवर, म्हणजे रंगांचा गडदपणा वाढवणाऱ्या स्लायडरवर, जातं. इथं तर मुळातच रंगांची काही कमी नाही: जांभ्याचा चिरा, आषाढातली भातखाचरं, कुंपणावरची जास्वंद. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास! मग माती केशरी होते, समुद्र रंगाच्या डब्यातून ओतल्यासारखा दिसतो आणि माणसांना कावीळ झालेली असते.

क्रम उलटा करा. आधी उजेड, मग व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून उजेडाची झाक काढणं), रंग सगळ्यात शेवटी. एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा एकूण उजेड, हललं की रंगांचा गडदपणाही हलतो, त्यामुळे रंग आधी लावलेत तर ते काम पुन्हा करावं लागतं.

कॅमेऱ्याच्या अंदाजावर विसंबणं

कॅमेऱ्याचा मीटर समोर दिसेल ते मध्यम करड्याच्या आसपास आणू पाहतो. म्हणून तारकर्लीची पांढरी वाळू फोटोत मळकट येते आणि हरिहरेश्वरचा काळा कातळ उगाच उजळतो. अशा वेळी कॉन्ट्रास्टशी झटापट करण्यात अर्थ नाही. वाळूच्या फोटोत एक्स्पोजर वाढवा, कातळाच्या फोटोत कमी करा आणि हिस्टोग्रामवर, म्हणजे डावीकडे काळोख आणि उजवीकडे उजेड दाखवणाऱ्या आलेखावर, नजर ठेवा. आलेख उजव्या कडेला चिकटून उभा राहिला, तर तिथला तपशील गेला असं समजा. जेपीईजीत (कॅमेऱ्याने तयार करून दिलेल्या नेहमीच्या फाइलमध्ये) पांढरंफटक झालेलं आभाळ हायलाइट्स, म्हणजे उजळ भागांचा स्लायडर, कितीही खाली ओढलं तरी निळं होत नाही, फक्त राखाडी होतं. जेपीईजीत प्रत्येक रंगाला 256 पायऱ्या असतात, तर 14 बिटच्या रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या मूळ नोंदीत, 16,384. पावसाळी आभाळ आणि त्याखाली गर्द झाडी असा फोटो घ्यायचा असेल, तर रॉमध्येच घ्या. त्यासाठी पैसे मोजायलाच हवेत असंही नाही, डार्कटेबल आणि रॉथेरपी ही रॉ एडिट करायची सॉफ्टवेअर फुकट मिळतात.

शॅडोज, म्हणजे काळोखे भाग उजळवणारा स्लायडर, शंभरावर नेऊन ठेवणं ही दुसरी खोड. कौलारू घराच्या माजघरात काळोख असतोच. तो सगळा उपसून काढला की दाणे उठतात आणि घराला दुकानाची कळा येते. थोडा काळोख राहू द्या.

निळ्या ताडपत्रीखालचा बाजार

फोटो सगळ्यात जास्त बिघडतात ते इथं. मासळी बाजारात वर निळी ताडपत्री, तिच्यातून गाळून आलेला उजेड, खाली पापलेटं आणि मांडून बसलेल्या मावशी, आणि बाजूला रस्त्यावर लख्ख ऊन. मावशींचा चेहरा निळा दिसतो म्हणून आपण टेम्परेचर पिवळ्याकडे ढकलतो. चेहरा थोडा सुधारतो, पण उन्हातला रस्ता लगेच हळदीने माखतो. एकाच चौकटीत दोन उजेड असले की एक स्लायडर दोन्हींना पुरत नाही. व्हाइट बॅलन्स आधी उन्हाच्या भागासाठी लावा, साधारण 5,500 केल्विनच्या आसपास. मग ताडपत्रीखालच्या भागावर मास्क घालून (तेवढाच भाग निवडून) तेवढ्यापुरतंच टेम्परेचर वाढवा. मास्कची कड मऊ ठेवा.

व्हाइट बॅलन्सच्या ड्रॉपरने पांढरी जागा टिपणार असाल, तर ती त्याच उजेडातली हवी. ताडपत्रीखालचा बर्फ चालेल, मात्र त्याचा पांढराफटक फुटलेला भाग नको. बांगड्याचं चकचकीत पोट मुळीच नको, त्यात आजूबाजूचे सगळे रंग उतरलेले असतात.

नारळी-पोफळीच्या वाडीत दुखणं वेगळं. पानांतून आलेला आणि पानांवरून परतलेला उजेड हिरवा असतो, म्हणून त्वचा हिरवट दिसते. टेम्परेचर निळ्या-पिवळ्याच्या रेषेवरच चालतं, ते इथं काय करणार? त्याच्या खालचा टिंट स्लायडर किंचित मजेंटाकडे न्या.

आणि संध्याकाळ. सूर्यास्ताच्या फोटोत सदऱ्यावर ड्रॉपर मारून तो पांढरा करणारे लोक मला कळत नाहीत. त्या उजेडात तो सदरा सोनेरीच होता. ऑटो व्हाइट बॅलन्सही हीच गफलत करतो, तेव्हा तो बंद करून डेलाइट निवडा.

गणपतीत मखरावर रंगीत एलईडीची तोरणं असतील, तर मूर्तीचे रंग एडिटिंगने परत येत नाहीत, कारण त्या उजेडात बाकीचे रंग जवळजवळ नसतातच. एका फोटोपुरती तोरणं विझवा.

चुकीच्या रंगाचा कान पिळणं

एचएसएलमध्ये, म्हणजे एकेक रंग वेगळा हलवायच्या स्लायडरांमध्ये, लोक नावावर जातात. भाताची रोपं हिरवी, म्हणून हिरवा स्लायडर ओढतात आणि फारसं काही हलत नाही. कोवळ्या पानांच्या हिरव्यात पिवळा बराच असतो. हिरवळ विषारी वाटत असेल, तर पिवळ्याचं सॅच्युरेशन कमी करून बघा.

जांभ्याची गोष्ट याहून गुंतागुंतीची. चिऱ्याची भिंत आणि आपली त्वचा दोन्ही नारिंगी पट्ट्यात बसतात. चेहरा सौम्य करायला नारिंगी कमी केलात, की मागची भिंत विटते. भिंत खुलवलीत, की चेहरा तांबडा होतो. चेहऱ्यावर वेगळा मास्क घालण्याला पर्याय नाही. सगळ्या फोटोचा रंग वाढवायचाच असेल, तर सॅच्युरेशनऐवजी व्हायब्रन्स वापरा. तो फिके रंग जास्त उचलतो आणि त्वचेला सांभाळून घेतो.

जास्वंद हा लाल चॅनेलचा सापळा. एकूण हिस्टोग्राम ठीक दिसतो, पण लाल एकटाच कडेला जाऊन आपटलेला असतो आणि पाकळीवरच्या शिरा गायब होतात. लाल, हिरवा, निळा वेगवेगळे दाखवणारा आरजीबी हिस्टोग्राम उघडा, लाल रंगाची ल्युमिनन्स (उजळपणा) आणि सॅच्युरेशन खाली घ्या. ऑनलाइन विकायच्या हापूसच्या पेटीला तर रंग चढवूच नका. फोटोत केशरी दिसलेला आंबा घरी पिवळा निघाला, तर गिऱ्हाईक एडिटिंगला नाही, तुम्हाला बोलतं.

स्क्रीनच खोटं बोलत असेल तर

स्क्रीनचा ब्राइटनेस पूर्ण वाढवून एडिट केलेला फोटो छापल्यावर काळपट येतो. रात्री डोळ्यांसाठी लावलेला पिवळा फिल्टर चालू राहिला, तर तुम्ही नकळत फोटो निळा करून ठेवता. सावलीत बसा, ब्राइटनेस मध्यम ठेवा, फिल्टर बंद करा. फाइल बाहेर काढताना कलर प्रोफाइल (रंग कसे वाचायचे ते सांगणारी नोंद) एसआरजीबी निवडा. अडोबी आरजीबीतला फोटो कलर प्रोफाइल न वाचणाऱ्या अ‍ॅपमध्ये फिका दिसतो. आणि मोठा अल्बम छापायला देण्याआधी एक छोटी प्रिंट काढून ती दिवसाउजेडी पाहा.